बंद यंत्राचा दाखला

समजा, तुमच्या शाळेत एक खोली आहे आणि तिच्या दाराला वर्षभर कुलूप आहे. आत टेबलावर कॉम्प्युटर आहे, शेजारी प्रिंटर, दोघांवर मिळून एक फुलाफुलांची चादर. दसऱ्याला कुलूप निघतं, कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते आणि पुन्हा कुलूप. तुम्ही सातवीत आहात. त्या यंत्राचं एकही बटण तुम्ही अजून दाबलेलं नाही. आणि आता ते न्यायला टेम्पो येणार आहे. राग येतो का? येऊ द्या. गोष्ट रागाचीच आहे.

शाळा नरसीच्या पलीकडच्या एका तांड्यावरची, साल दोन हजार चार. मी तिथं गणित शिकवायचो. एका गुरुवारी मुख्याध्यापक हरिचंद सर म्हणाले, "सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब येऊन राहिले. बंद सामान उचलून नेणार. बरं झालं, खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायला खोली मोकळी होईल."

"सर, कॉम्प्युटर बंद नाही. कुणी चालवत नाही, एवढंच."

"हिंगोलीचा दुकानदार बघून गेला ना? लई जुना हाय, आताचं विंडोज त्याच्यावर चढत न्हाई. तुमी सोमवारी चालू करून दाखवा, मग ठेवून घेऊ."

दारात निलम उभी होती. नेमसिंगची पोरगी, सातवीतली. "गुरुजी, दुसरं काहीच चढत न्हाई का त्याच्यावर?"

चढत होतं. लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारं. त्याची एक जुनी, हलकी आवृत्ती मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर माझ्याकडे पडून होती. पण आमच्या यंत्राला सीडीची सोय नव्हती, नुसती फ्लॉपीची फट होती. म्हणून शुक्रवारी नेमसिंगला सांगून मी निलमला हिंगोलीला नेलं. तिथल्या कॅफेवाल्यानं सीडीवरचं सगळं चौदा फ्लॉप्यांवर उतरवून दिलं. देताना हसला. "तांड्यावर कॉम्प्युटर? लाइट तरी हाय का तिकडं?"

"हाय," निलम म्हणाली. "तुमच्यावानीच. येती, जाती."

परतताना जीप खच्चून भरलेली. फ्लॉप्यांचं पुडकं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ते मागच्या सीटमागं गाणी वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर ठेवलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही यंत्र चालू केलं. सहा फ्लॉप्या सुरळीत गेल्या. सातवी वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. आठवीही नाही. पुडक्यात खाली होत्या त्या सगळ्या कोऱ्या झाल्या होत्या. मी समजावून सांगितलं, की फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकाचं असतं, स्पीकरमध्ये मोठा चुंबक असतो, तो ते पुसतो.

"हे तुमाला आधीच म्हाईत होतं?"

"होतं."

"मग काहून ठेवल्या?" तिचे डोळे भरले होते, पण रडत नव्हती, संतापली होती. "आमी चुकलो की पाच वेळा लिहायला लावता."

तिनं वही माझ्यापुढं सरकवली. मी पाच वेळा लिहिलं, फ्लॉपी स्पीकरवर ठेवू नये. तिनं ते तपासलं आणि खाली बरोबरची खूण केली.

रविवारी पहाटे पुन्हा हिंगोली. या वेळी एसटीनं, आणि पुडकं निलमच्या मांडीवर, ओढणीत गुंडाळलेलं. दुपारी अकराव्या फ्लॉपीला लाइट गेली. ती आल्यावर पहिल्यापासून सुरुवात. वाट बघताना निलमनं आईच्या, रूपाबाईंच्या शिलाई मशीनचं तेल आणलं आणि प्रिंटरच्या वाळलेल्या रिबिनीला थेंब थेंब लावलं. दिवस मावळता मावळता काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकायला लागली. यंत्र हुकमाची वाट बघत होतं.

सोमवारी साहेब आले. निलमनं बटणं दाबली, पडद्यावर त्या दिवसाची तारीख उमटली. तिनं वर्गातल्या मुलांची नावं टाइप केली आणि यंत्राकडून ती क्रमानं लावून घेतली. साहेब टेम्पोकडं बघत होते.

"विंडोज कुठंय?"

"हे लिनक्स हाय, साहेब."

"माउसचा बाण कुठंय? चित्रं कुठंयत? नुसता काळा पडदा दिसतोय. काळा पडदा म्हणजे बंद."

त्यांनी यादीत 'बंद' लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. हे लेकरू तीन दिवस राबलंय, तुम्ही दोन मिनिटं तिच्याकडं बघितलं नाही, असं म्हणालो. आणखीही बरंच काही. साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुरुजी, बीपीची गोळी चालू आहे ना?"

हरिचंद सर जमिनीकडं बघत होते. काल निलम रिबिनीला तेल लावत होती, तेव्हा त्यांनीही डोकावून बघितलं होतं.

"हरिचंद सर," साहेब म्हणाले, "यंत्र बंद असल्याचा दाखला जोडावा लागेल. एका ओळीचा चालेल. द्या लिहून."

सर खिसे चाचपायला लागले. पेन सापडेना, की काढवेना, मला कळलं नाही.

"मी देते लिहून," निलम म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक बटण शोधून दाबत राहिली. मग प्रिंटर करकरला आणि कागद हळूहळू वर आला. तिनं तो काढला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडल्या आणि साहेबांच्या यादीवर ठेवला. त्यावर एकच ओळ होती. हे यंत्र बंद आहे.

मग तिनं कंपासमधून आपलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि साहेबांपुढं धरलं.

"करा सही."