बर्फ कारखान्यातला चौथा दिवा

१४ ऑक्टोबर २००२, सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. सावली गावाबाहेरच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात त्या घटकेला सात माणसे होती: यंत्र चालवणारा मुखरू, त्याची बायको रंभा, टेम्पोवाला बिरजू आणि लाद्या उचलणारे चार हमाल.

दिवस खंडेनवमीचा. मुखरूने पहाटेच मोटर बंद करून तिला आंघोळ घातली होती. पोळ्याला बैल धुवावा तशी, नळी लावून, पाठीवरून पोटाखाली, सांध्यासांध्यांत बोट फिरवून. साठ हॉर्सपॉवरची ती मोटर अकरा वर्षे त्याच्या हाताखाली होती आणि वर्षातून एकदा तिचे अंग स्वच्छ करणे हे तो आपले देणे समजत असे. मग हळद लागली, कुंकू लागले, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला.

"चाल मुखरूभाऊ, हाण आता," बिरजू दारातून म्हणाला. "वैनगंगेची मासोळी टेम्पोत झोपली हाये. उठून पाणी मागन थे."

उद्या दसरा आणि परवापासून नवरात्र पाळलेल्या घरांत मासोळी शिजणार. वर्षाची मोठी विक्री होती. मुखरूने ब्रेकर चढवला आणि मोटरीचे बटन दाबले.

खट्ट.

मोटर हललीसुद्धा नाही. ब्रेकर पडला होता.

मुखरूला पहिल्यांदा आला तो राग, आणि तो त्या नव्या ब्रेकरचा. जुना ब्रेकर त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या पोटात तापली की वाकणारी पट्टी असे. मे महिन्यात कारखान्याची खोलीच एवढी तापायची की मोटरीवर जास्त ओझे नसतानाही पट्टी वाकायची आणि दुपारी तीनला ब्रेकर पडायचा. मुखरू त्यावर ओले पोते टाकायचा, पुन्हा चढवायचा, पुन्हा पडायचा, आणि नदीवरून आलेली मासोळी बर्फावाचून वास मारू लागायची. शेवटी मार्चमध्ये केवळरामभाऊंनी सोसायटीला समजावून नवा ब्रेकर बसवला. केवळरामभाऊ चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनात शिकलेले, वीजखात्यातून निवृत्त झालेले, आणि सावलीत कोणाचेही मीटर अडले की बोलावणे जाई असे गृहस्थ.

"याच्या पोटात पट्टी नाई," त्या दिवशी त्यांनी ब्रेकरच्या छातीवरची लहानशी पेटी दाखवली होती. "हे ट्रिप युनिट. हे गरमी मोजत नाई, तारेतला करंट मोजते. थोडा जास्त गेला तं काही मिनिटं वाट पाहते. लय जास्त गेला तं डोळा मिटेपर्यंत. तारेले तार भिडली तं अजिबात थांबत नाई. कशानं पडला ते सांगाले हे तीन दिवे."

"अन् हा चौथा?"

"हा जमिनीचा. जेवढा करंट गेला तेवढा वापस आला पाहिजे. कमी आला तं तो यंत्राच्या अंगातून जमिनीत चालला. ऐंशी अँपियरच्या वर असा गेला की हा पाडते. पण त्याले जमिनीत जायला चांगली वाट पाहिजे. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी. अन् दिवा पाहिल्याबिगर बटन दाबायचं नाई. कबूल?"

"कबूल," मुखरू म्हणाला होता. उन्हाळाभर नव्या ब्रेकरने एक दुपार चुकवली नाही. तरी मुखरूच्या मनातून तो परकाच राहिला.

आता बिरजू म्हणाला, "काऊन थांबला? दाब न बटन."

मुखरूने ब्रेकर पुन्हा चढवला आणि हात बटनाकडे नेला. मोटरीपाशी रंभा वाकली होती. हार पट्ट्यात अडकू नये म्हणून तिने तो एका हाताने मोटरीच्या अंगाशी दाबून धरला होता. पायाखाली आंघोळीचे पाणी साचले होते.

"मी धरून हाये," ती म्हणाली. "तुमी करा चालू."

बटनावर बोट टेकले. आणि त्याला ते 'कबूल' आठवले. बोट तसेच ठेवून त्याने मान खाली केली. चौथा दिवा लागला होता.

"हात काढ," तो म्हणाला.

"हार पडन."

"पडू दे. हात काढ, रंभा."

तिने हात काढला. मग तोच हात पदराला पुसत, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "मघाशी तुमी बटन दाबलं तवा मले झटका आला होता जराक. मुंगळा चावल्यावानी. पूजेत बोलाव का नाई, म्हणून चूप बसली."

मुखरूने बटनावरून बोट उचलले. त्याने मेन स्विच खाली ओढला आणि सोसायटीच्या फोनवरून केवळरामभाऊंना बोलावले. टाकीत कालच्या लाद्या होत्या, त्या फोडून हमालांनी बिरजूच्या मासोळीवर घातल्या.

केवळरामभाऊ लुनावरून आले. मोटरीच्या बगलेतली, तारा जोडायची डबी त्यांनी उघडली. आतून वाटीभर पाणी सांडले आणि त्याबरोबर झेंडूच्या दोन पाकळ्या. झाकणाचे रबर फाटलेले होते. पाण्यातून वीज मोटरीच्या अंगावर उतरली होती.

मग त्यांनी अर्थिंगचा खड्डा मोजयंत्राने तपासला. आकडा पाहून ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले.

"मुखरू, जमिनीचा अडथळा फक्त दीड ओहम. म्हणजे करंट शंभराच्या वर गेला जमिनीत, म्हणून पेटीले समजलं. खड्डा कोरडा असता तं तीसही गेला नसता. ऐंशीच्या खाली तिले दिसत नाई. ब्रेकर चूप राहिला असता, मोटर अंगात वीज घेऊन बसली असती, अन् हिचा हात तिच्यावर." ते उठून उभे राहिले. "पाणी इमानदारीनं टाकलं तू. तुले मानलं."

मुखरू खाली पाहत राहिला. पंधरा दिवस त्याने बादली ओतली होती. पुढे कंटाळला.

"मी नाई टाकत, भाऊ," तो म्हणाला.

"मग?"

"मी टाकतो," रंभा म्हणाली. "सकाळी झाडू मारून झाला की. यायनं कबूल केलं होतं तुमाले. यायच्या शब्दाचं कोणी टाकाव का नाई?"

केवळरामभाऊंनी तिच्याकडे पाहून हात जोडले. ती लाजून बाजूला झाली.

"आमाले नमस्कार नाई का, भाऊ?" वातावरण हलके व्हावे म्हणून बिरजू म्हणाला.

"तुले उद्या सोनं देतो, आपट्याचं," केवळरामभाऊ म्हणाले आणि मुखरूकडे वळले. "पूजा कर. दरवर्षी कर. पण कोरडी. मोटर बैल नोहे बाबा, तिले आंघोळ सोसत नाई."

डबी पुसली, दोन मोठे बल्ब लावून दुपारभर मोटर वाळवली, नवे रबर बसवले. पाच वाजता ती सुरू झाली. चारही दिवे विझलेले होते. मुखरूने कुंकवाची चिमूट घेतली, ट्रिप युनिटच्या पेटीवर एक कोरडे बोट टेकवले. इतके दिवस त्याने या पेटीला परक्यासारखे वागवले होते.

निघताना रंभा बादली शोधत होती. बादली मुखरूच्या हातात होती. तो खड्ड्याकडे चालला होता.

"आजचं टाकलं मी सकाळीच," ती म्हणाली.

"माहीत हाये," तो म्हणाला आणि त्याने बादली हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

सकाळी कारखान्यात माणसे होती सात. संध्याकाळी घरी गेली सात.