सांडायची शिकवणी

उदयसिंहाने लग्नानंतर चौथ्याच दिवशी बायकोला मोटारसायकलवरून पाडलं, आणि ते त्याला पुढच्या फाट्यापर्यंत कळलं नाही.

नवी नवरी मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सावरलेला. म्हणजे गाडी धरायला हात उरलाच नव्हता. ग्रामपंचायतीपुढचा स्पीडब्रेकर आला, गाडी उडाली आणि नवरी डब्यासकट रस्त्यावर बसली. उदयसिंह मात्र साखर कारखान्याच्या निवडणुकीबद्दल सांगत तसाच पुढे गेला. उत्तर येईना म्हणून त्याला वाटलं, लाजतीय.

ती नवरी म्हणजे आक्का. आता तिच्या पदरी चार म्हशी आणि एकोणीस वर्षांची एक लेक, अनुजा. माहेरी थोरली म्हणून आक्का झाली, मग गावाची आक्का झाली, आणि अनुजा बोलायला लागली तीही तिला आक्काच म्हणू लागली. त्या दिवसापासून आक्का मोटारसायकलवर बसली नाही. बाजार एसटीने, माहेर एसटीने, आणि एसटी चुकली तर पायी.

तर अशा आक्काच्या लेकीला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून पत्र आलं. अनुजाने आयटीआय केलं होतं. एका कारखान्यात मशिनवर शिकाऊ म्हणून घेतलं होतं. महिनाभराने रुजू व्हायचं. पाळी सकाळी सातची. गावातून निघणारी पहिली एसटी साडेसातची. कंपनीची बस ह्या अंगाला येत नव्हती. उदयसिंह इचलकरंजीच्या सूतगिरणीत, आठवडाभर तिकडेच राहायचा, रविवारी घरी यायचा. त्याची मोटारसायकल गोठ्याच्या कडेला पोत्याखाली झोपलेली.

"तीच नेतो मी," अनुजा म्हणाली. कोल्हापूरची पोर, ती 'नेते' कशाला म्हणेल! "लायसन हाय की माझ्याकडं. आरटीओत आठचा आकडा काढून दाखवलाय, पाय न टेकता."

"आठचा आकडा रस्त्यावर कुठं असतोय गं?" आक्काने विचारलं. "तिथं समोरनं ट्रॅक्टर येतोय. त्येला सांगणार काय, थांब बाबा, मी आठ काढतो?"

अनुजा गाल फुगवून बसली. आक्काला ते बघवेना. ह्याच पोरीने सहावीत शिलाई मशीन खोलून परत जोडलं होतं, आणि एक स्क्रू उरला होता तरी मशीन चाललं होतं. तिला मशिनपासून अडवायचं म्हणजे वासराला दाव्याला बांधून समोर गवत टाकण्यासारखं. शेवटी आक्का म्हणाली, "लालाचाचा शिकवतील. त्येंनी व्हय म्हटलं तर जा. न्हाय म्हटलं तर पत्र परत."

लालासाब म्हणजे शेजारच्या गल्लीतला दूधवाला. रोज पहाटे घरोघरचं दूध गोळा करायचा आणि गाडीला चार किटल्या लटकवून कोल्हापुरात राजारामपुरीला रतीब घालायला जायचा. अठ्ठावीस वर्षं झाली, त्याच्या किटलीतून थेंब सांडलेला कुणी पाहिला नव्हता. चारातल्या एका किटलीचं झाकण तीन वर्षांपूर्वी हरवलं होतं. तिच्यावर तो आपलं हेल्मेट पालथं घालायचा. चौकात पोलीस दिसला की हेल्मेट किटलीवरून डोक्यावर, चौक ओलांडला की डोक्यावरून किटलीवर.

"चाचा, तुमच्या किटलीला डोकं हाय, तुम्हाला न्हाय," अनुजाने पहिल्याच दिवशी टोमणा मारला.

"किटलीत माल असतोय, पोरी," लालासाब टकलावरून हात फिरवत म्हणाला. "हितं काय हाय?"

शिकवणी गुऱ्हाळामागच्या मोकळ्या पटांगणात सुरू झाली. लालासाबची पद्धत त्याच्या धंद्यातलीच होती. गाडीच्या पुढच्या गार्डला बिनझाकणाची किटली लटकवायची, गळ्यापर्यंत पाणी भरायचं आणि म्हणायचं, चालव. क्लच धसकन सोडला, सांडलं. वळणावर झपकन वळली, सांडलं. खड्डा दिसला नाही, सांडलं. पहिल्या दिवशी अनुजाची पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि किटली रिकामी. आठव्या दिवशी निम्मी किटली उरली. पंधराव्या दिवशी पाणी नुसतं थरथरलं.

आक्का रोज शेणाची पाटी टाकायच्या निमित्ताने तिकडून चक्कर मारायची. पाटी टाकायला एवढ्या लांब कशाला यावं लागतं, हे तिला कुणी विचारलं नाही. लेक सरळ पाठीने, हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा आवळून गोल गोल फिरताना दिसली की आक्का रिकामी पाटी कमरेला लावून आणखी दोन फेऱ्या बघायची. त्यात भीती होती आणि अभिमानही, पण आक्का त्याला नाव देत नव्हती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा ठेवली. पाणी नाही, खरं दूध. आक्काच्याच म्हशीचं, दोन लिटरच्या लहान किटलीत गळ्यापर्यंत. गुऱ्हाळाला एक वळसा घालून परत यायचं. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

अनुजा निघाली. काय सुरेख निघाली! गिअर पडल्याचं कळलंसुद्धा नाही. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि तेवढ्यात गुऱ्हाळवाल्यांचं वासरू शेपूट वर करून मधे आलं.

अनुजाने ब्रेक लावला. पण कसा? हळू. मऊ. दूध हिंदकळू नये असा. गाडी थांबेना. मग तिने तितक्याच मऊपणाने हँडल वळवलं, वासराच्या कानाजवळून गेली आणि वाळत घातलेल्या चिपाडाच्या डोंगराएवढ्या ढिगात शिरली. गाडी ढिगात उभीच रुतली. क्षणभर काहीच दिसेना.

आक्काच्या तोंडून आवाज फुटायच्या आत ढिगातून एक हात वर आला. हातात किटली होती. मागोमाग चिपाडाने माखलेलं हेल्मेट वर आलं.

"आक्काऽ!" आतून आनंदाने आवाज आला. "एक थेंब सांडला न्हाय!"

लालासाबने टाळी वाजवली. मग आक्काचा चेहरा बघून दुसरी टाळी वाजवायची राहून गेली.

आक्काने आधी लेकीचे हात चाचपले, गुडघे चाचपले, हेल्मेट काढून कपाळ बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ती म्हणाली, "चिपाडाच्या जागी ट्रॅक्टर असता तर?"

वासरू तेवढं हंबरलं.

"दूध वाचलं असतं," आक्का म्हणाली. "किटली मी घरी नेली असती. पत्र परत धाड, अनुजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा न बोलता धारा काढायला बसली. एरवी धारा काढताना तिची बडबड म्हशीलासुद्धा सवयीची झालेली. त्या दिवशी म्हशीने दोनदा मागे वळून बघितलं. आक्का चुलीपुढे होती. भाकरी करपली. रुजू व्हायला आठ दिवस उरले होते, आणि पत्र अजून फळीवरच्या डब्याखाली होतं. परत धाडायला कुणी उठत नव्हतं.

लालासाब दूध घ्यायला आला आणि किटल्या न उचलता उंबऱ्यावर बसला.

"आक्का, हे बघ," त्याने वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचा एक दात नव्हता. "गावाला म्हाईत हाय की सुपारीनं पडला. खोटं हाय. गोकुळ शिरगावच्या अलीकडं कुत्रं आडवं आल्तं. चाळीस लिटर दूध वाचवायला ब्रेक दाबला न्हाय मी. चरीत गेलतो. दूध सगळं वाचलं. दात गेला, खांद्याचं हाड मोडलं, आणि राजारामपुरीत रतीब पोचवायला दुसरंच कोण तरी गेलं."

आक्का तव्यावरची नजर न काढता ऐकत होती.

"पोरगीनं चूक न्हाय केली. मी शिकवलं तेच केलं. मी तिला दूध शिकवलं, रस्ता शिकवलाच न्हाय. आठ दिवस दे. सांडायला शिकवतो."

आक्काने भाकरी उलटली. तिथून तिला गोठ्यातल्या लेकीची पाठ दिसत होती. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसलेली, कान इकडे लावलेले.

"मीबी येणार," आक्का म्हणाली. "आणि वरडणार मी."

ओरडण्यात आक्काचा हात गावात कुणी धरू शकत नव्हतं. पटांगणात चुन्याची रेघ मारली. अनुजा वेगात यायची, आक्का मनाला येईल तेव्हा "थांऽब!" म्हणायची, आणि अनुजाने रेघ ओलांडायच्या आत थांबायचं. किटली पाण्याने गच्च भरलेली. सांडलं तर शाब्बास, वाचलं तर पुन्हा.

पण थांबणंही सोपं नव्हतं. अनुजा घाबरून मागच्या ब्रेकवर उभीच राहायची, चाक घसरायचं आणि गाडीचं ढुंगण एका बाजूला पळायचं. लालासाब सांगायचा, दोन्ही ब्रेक संगट, हँडल सरळ, नजर लांब, पुढचा ब्रेक दाबत न्यायचा. अनुजाला सगळं तोंडपाठ झालं, हाताला मात्र येईना. एकदा एकदम आवळायची, एकदा सोडून द्यायची.

तीन दिवस आक्काने हे बघितलं. चौथ्या दिवशी ती रेघेवरून तरातरा चालत आली.

"अगं, धार कशी काढतीस?"

"म्हंजे?"

"सडाला हिसका मारतीस व्हय? लाथ घालील म्हस. आणि नुसतं धरून बसलीस तर दूध यील? मूठ वळत न्यायची. आधी हलकं, मग घट्ट, मग आणि घट्ट. हात सोडायचा न्हाय."

अनुजाने हँडलकडे बघितलं. मग स्वतःच्या मुठीकडे. चार बोटं एकामागून एक वळली.

पुढच्या हाकेला गाडी रेघेच्या अलीकडे थांबली. सरळ. किटलीतलं पाणी मात्र लाटेसारखं उठलं आणि लालासाबच्या चपलांवर पडलं.

"व्हय की!" लालासाब ओल्या पायांनीच नाचला. "अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतोय, मला हे सांगायला कोण भेटलं न्हाय!"

शेवटची परीक्षा रविवारी होती, आणि ती कुणी घ्यायची ते आक्काने आधीच ठरवलं होतं. ती सकाळी साडीखाली लेकीची ट्रॅकपँट घालून अंगणात आली. मांडीवर धरायला दोन लिटरची उघडी किटली, काठोकाठ.

"हेल्मेट?" अनुजा म्हणाली. "माझं एकच हाय. मागच्याला न्हाय तर गाडी हलत न्हाय, आक्का. नियम हाय."

लालासाबने आपल्या किटलीवरचं हेल्मेट उचलून आक्काच्या डोक्यावर ठेवलं. आतून दाट सायीचा वास आला. आक्काने नाक मुरडलं, पट्टा आवळून घेतला आणि एकवीस वर्षांनी मोटारसायकलवर बसली. ह्या खेपेला दोन्हीकडे पाय टाकून. एक हात किटलीला, एक हात लेकीच्या कमरेला. कंबर केवढीशी! अजून काल-परवापर्यंत ती आपल्या कडेवर बसत होती, असं आक्काला वाटलं, आणि मग गाडी सुटली.

ग्रामपंचायतीपुढचा स्पीडब्रेकर आला. आक्काने डोळे मिटले. गाडी हळू झाली, अलगद चढली, अलगद उतरली.

"हायस का मागं?" अनुजाने विचारलं.

"हाय की," आक्का म्हणाली. तिला उगाच हसू आलं.

फाट्याच्या पुढे दोन्ही बाजूंना उभा ऊस. वारा चांगला लागत होता. आक्काला ते आवडायला लागलं होतं, आणि तेवढ्यात डावीकडच्या उसातून, शिटी नाही, हाक नाही, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर नाक काढून रस्त्यावर आला.

आक्काला ओरडायला वेळच मिळाला नाही. पण पुढे बसलेल्या पाठीतून तिला कळलं. पाठ ताठ झाली, खांदे सरळ राहिले, मूठ वळत गेली. किटलीतलं दूध उसळलं, आक्काच्या छातीवर, गळ्यात, हेल्मेटच्या आत. गाडी थांबली. ट्रॅक्टरच्या चाकापासून एक म्हैस आडवी उभी राहील एवढ्या अंतरावर.

ट्रॅक्टरवाला पृथ्वीराज, उसाच्या मालकाचा पुतण्या, घाबरून खाली उतरला. "लागलं काय आक्का? अवं, अभिषेकच झाला की तुमचा!"

"तुझाबी करतो, थांब!" आक्का कडाडली. "उसातनं गाडी काढताना खाली उतरून बघायचं असतंय, एवढंबी कळत न्हाय? माझ्या लेकीला कळतंय, तुला न्हाय?"

पृथ्वीराज मान खाली घालून उभा राहिला. अनुजा मात्र मागे वळून रिकाम्या किटलीकडे बघत होती. "आक्का, सगळंच सांडलं गं."

आक्काच्या भुवयांवरून दूध निथळत होतं. तिने ट्रॅक्टरचं चाक बघितलं, मग आपण बसलोय ती सीट बघितली.

"सांडू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी म्हस परत देतीय. मी पडलो न्हाय, हे बघ." आणि दुधाळ हाताने तिने लेकीच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. पाठीवर पाच बोटांचा पांढरा पंजा उमटला. "चल, आता घराकडं घे. लई चिकटायलंय."

दारात उदयसिंह आठवड्याची पिशवी घेऊन नुकताच येऊन उभा होता. नखशिखांत दुधात न्हालेली बायको मोटारसायकलवरून उतरताना बघून त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय," आक्का हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाली. "तुमच्या लेकीच्या मागं बसून आलो. मागं माणूस हाय का न्हाय, ते तिला म्हाईत असतंय."

उदयसिंहाने एकवीस वर्षांत शंभरदा ऐकलेलं ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं. लालासाब खो खो हसला आणि हेल्मेट मागायला हात पुढे केला. आक्काने ते दिलं नाही. तिने ते नळाखाली धरून घासलं आणि खुंटीला लावलं.

"हे माझं आता. लेक कधीमधी बाजाराला नेईल मला. तुम्ही नवं घ्या, चाचा, आणि किटलीला घालायचं न्हाय."

सोमवारी पहाटे अनुजा निघाली तेव्हा आक्काने तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला. मागचा लाल दिवा फाट्यापर्यंत दिसत राहिला, मग वळला. आक्का तिथेच उभी होती, तेवढ्यात लालासाब दूध घ्यायला आला. बिनझाकणाच्या किटलीवर स्टीलची ताटली सुतळीने बांधलेली, आणि टकलावर नवंकोरं, लाल, त्याला जरा मोठंच होणारं हेल्मेट.

"गेली?" त्याने आतून घुमल्या आवाजात विचारलं.

"गेली," आक्का म्हणाली, आणि त्याच्या पुढ्यात दुधाची चरवी ठेवली.