दवाने पुसलेलं शून्य

मित्रांनो, सिक्कीममध्ये तिस्ता नदीच्या काठी एका औषध कारखान्यात उभा असलेला मी एक जुना प्रिंटर आहे. तुमच्या शाळेतल्या प्रिंटरसारखा मी कागद ओढत नाही. माझ्यासमोरून पट्ट्यावर काचेच्या कुप्या सरकतात आणि मी त्यांना न शिवता, शाईचे बारीक थेंब फेकून औषधाच्या तीव्रतेचे आकडे उमटवतो. लहान मुलांच्या औषधावर दहा, मोठ्यांच्या औषधावर शंभर. दोन्ही औषधं दिसायला पाण्यासारखीच. पुढे सिलिगुडी शहरात माझा आकडा वाचूनच कुप्यांवर लेबल लावतात.

मी नवीन आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पण मी किती भित्रा आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. थंडीत माझी शाई घट्ट होते आणि थेंब वाकडे पडतात. खोक्यांची धूळ नळीच्या तोंडाशी बसली की आकड्याचा पाय तुटतो. सगळ्यात जास्त भीती मात्र मला ओल्या हवेची वाटते.

मला चालवते ती सुनमाया लिंबू; लिंबू हे इकडचं आडनाव. कामाला लागण्याआधी ती माझ्या नळीचं तोंड मऊ कापडाने पुसते.

पावसाळ्यातली एक सकाळ होती. दरड कोसळून रस्ता बंद व्हायच्या आत गाड्या निघायला हव्या होत्या, म्हणून माल भरायच्या बाजूचं दार उघडंच ठेवलं होतं. गार वारा सगळ्यांनाच बरा वाटत होता. त्या वाऱ्याबरोबर नदीवरचं धुकं आत आलं आणि थंड खोलीतून आलेल्या कुप्यांवर दव धरलं. मी थेंब फेकत राहिलो. माझा हिरवा दिवाही जळत राहिला, कारण शाई नीट बाहेर पडत होती. ती काचेवर टिकते की नाही, हे मला दिसत नाही.

सुनमायाने एक कुपी उचलली. शंभरातलं शेवटचं शून्य तिच्या अंगठ्याला लागून आलं. कुपीवर दहा उरले.

ती जागच्या जागी थिजली. मागे एकाने असाच पट्टा थांबवला, तेव्हा त्याला घरी बसवलं होतं. पट्टा थांबवायच्या लाल बटणावर तिने बोट टेकवलं. मग तिने ते दाबलं.

सुपरवायझर नोर्देन लेपचा तावातावाने आला. "गाडी भरायच्या वेळीच बरं सुचतं गं तुला, बहिनी?"

इकडे धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात आणि थोरल्या भावाला दाजू. तिने अंगठा पुढे केला. "दाजू, शंभराचे दहा झालेत. हे एखाद्या लेकराला टोचलं तर?"

नोर्देनने दुसरी कुपी पुसून पाहिली, मग तिसरी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधीची खोकी कुठे आहेत, असं त्याने हळूच विचारलं. ती ड्रायव्हर तिलक तामांगच्या गाडीतून केव्हाच निघाली होती.

तिलकचा फोन दरीत लागेना. नोर्देन भर पावसात मोटरसायकल काढून त्याच्या मागे गेला. इकडून सिलिगुडीला फोन केला, तर तिथेही कुणी उचलेना. सुनमायासमोरचा चहा निवून गेला. मी बंद होतो, तरी एखाद्या अनोळखी बाळाच्या दंडाचा विचार माझ्या मनातून जाईना.

दुपार कलल्यावर नोर्देन परतला. मागे तिलकची गाडी होती. पुढे खरोखरच दरड कोसळली होती, म्हणून ती अडकली आणि सापडली. सगळी खोकी मिळाली. उघडून पाहतात तो कित्येक कुप्यांवर नुसतेच दहा. तो सगळा माल नष्ट केला. दार आपणच उघडं ठेवायला सांगितलं होतं, हे नोर्देनने कारखान्याच्या साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. मग सुनमायाकडे वळून म्हणाला, "पुन्हा शंका आली तर मला विचारत बसू नकोस. आधी बटण दाब."

आता ते दार बंद असतं. कुप्या आधी कोरड्या होऊ देतात, मगच माझ्यासमोर आणतात. तरी खिडकीबाहेर धुकं दाटलं की मला ती खोकी आठवतात. त्या दिवशी रस्ता मोकळा असता तर?

मित्रांनो, आम्हा यंत्रांना कोरडी, स्वच्छ हवा द्या. आमचा हिरवा दिवा पाहून निर्धास्त होऊ नका. आणि कुणी भीत भीत काम थांबवलं, तर रागावण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.