का ते विचारू नये

नवा कम्प्युटर बसवला त्या सोमवारी सकाळी साडेनऊला बिल्डवालीला पहिला एरर दिसला, आणि दहाच्या आत ते दोनशे बारा झाले.

तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे बिल्डवाली म्हणत, कारण प्रोग्राम कोणीही लिहो, तो जुळवून चालवायचं काम, म्हणजे 'बिल्ड', तिच्याच गळ्यात. प्रोग्रामच्या फायली शंभरावर. कम्पायलर एकेक फाइल उचलतो आणि तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. शेजारच्या फायलीत काय चाललंय याचं त्याला सोयरसुतक नसतं. मग लिंकर येतो आणि तुकडे जोडतो. इथे अमुक फंक्शनला, म्हणजे नेमून दिलेलं काम करणाऱ्या कोडला, हाक मारलीय, ते कुठे आहे? सापडलं की गाठ मारली. नाही सापडलं की बोंब. एकाच नावाची दोन सापडली तरी बोंब.

"सगळं साफ करून पुन्हा बिल्ड कर ना," साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. साहेबांना लिंकर आणि लिंबू यांतला फरक माहीत होता, पण जेमतेम.

"तीनदा केलं."

"चौथ्यांदा कर. गुरुवारी इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! सकाळपासून सहा जणांनी येऊन तेच सांगितलं होतं. जुन्या कम्प्युटरवर बिल्ड करावं म्हटलं तर तो शुक्रवारी जळून गेलेला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, डोळे चोळले आणि कपाटातून निळी फाइल काढली.

ही फाइल गुरुजींची. गुरुजी म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर; दुसऱ्याच्या कोडमध्ये स्वल्पविराम चुकला तरी उभं करून सुनावायचे, म्हणून गुरुजी. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा कम्पायलर आणि लिंकरच्या अडचणींवरचे एक्केचाळीस उपाय त्यांनी फाइलला लावून दिले होते. नववी नोंद म्हणायची, "एरर शंभरावर असतील तर घाबरू नये. पहिला दुरुस्त करावा. बाकीची त्याची पिल्लं असतात." चौदावी म्हणायची, "लिंकरला काही सापडत नसेल तर आधी आपलं स्पेलिंग पाहावं, मग लिंकरच्या नावाने खडे फोडावेत." फाइल कामाची होती, यात वादच नव्हता. नवव्या नोंदीच्या आधाराने तिने दुपारपर्यंत दोनशे बाराचा एक एरर केला.

पण तो एक काही हलेना. थांबण्याचं अंतर काढणारं फंक्शन दोन ठिकाणी आहे, लिंकर म्हणत होता. एक आपल्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या गाठोड्यात, एक मोटर पुरवणाऱ्या कंपनीच्या. तिने सत्ताविसावी नोंद काढली. खरं तर तिला ती पाठच होती.

"एकाच नावाची दोन फंक्शनं चालवून घ्यावीत असा पर्याय लिंकरला दिलेला आहे. तो काढू नये. लायब्रऱ्यांचा क्रम बदलू नये. का ते विचारू नये."

आणि नव्या कम्प्युटरवरच्या नव्या लिंकरला हा पर्यायच माहीत नव्हता.

"दोन आहेत ना? मग एक उडव," साहेब म्हणाले.

"कोणतं?"

"कोणतंही! नाव तर एकच आहे."

उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती. तिने फोन उचलला आणि गुरुजींच्या घरी लावला.

फोन काकूंनी, गुरुजींच्या बायकोने, घेतला. "ते फोनवर येत नाहीत गं. ऐकू येत नाही म्हणतात. मी बरणीचं झाकण उघडलं तर मात्र आतल्या खोलीतून ऐकू येतं. तूच ये कशी."

मग ती गेली. फाइल पिशवीत, डबा तसाच न उघडता. गुरुजी दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढताना तिच्या तोंडून जे निघालं ते कोणाला ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

गुरुजी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, इस्त्रीचे सगळे अवयव वेगळे करून बसले होते.

"चांगली चालत होती," काकू पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाल्या. "चांगली चालत होती म्हणूनच उघडली असणार."

बिल्डवालीने निळी फाइल सत्ताविसाव्या नोंदीवर उघडली आणि त्यांच्यासमोर ठेवली. गुरुजींनी चष्मा बदलला, वाचलं, आणि त्यांच्या भुवया वर चढल्या.

"हे कोणी लिहिलंय? का ते विचारू नये म्हणजे काय? कारण सांगता येत नसेल तर माणसाने लिहू नये. कोण हा शहाणा?"

"तुम्ही."

"शक्य नाही."

"खाली सही आहे, गुरुजी."

त्यांनी सही पाहिली. कागद उजेडात धरून पुन्हा पाहिली. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथून हसण्याचा आवाज आला, तो मात्र गुरुजींना ऐकू आला नाही, किंवा तसं त्यांनी दाखवलं.

गुरुजी इस्त्रीचा एक स्क्रू बोटांत फिरवत म्हणाले, "मोटरवाल्यांची लायब्ररी पहिल्यांदा आली, त्या वेळची गोष्ट. त्यांच्या फंक्शनचं नाव आणि माझ्याचं नाव एकच निघालं. त्यांचं अंतर मोटरच्या चक्रांमध्ये मोजतं, माझं मिलिमीटरमध्ये. तपासणी दुसऱ्या दिवशी. मी लिंकरला सांगितलं, दोन चालव, पहिलं सापडेल ते घे. आणि माझी लायब्ररी पहिली ठेवली. लिफ्ट बरोबर मजल्याला थांबली. आठवड्याने नाव बदलणार होतो."

"मग?"

"मग दुसरं काम आलं."

"अकरा वर्षं?"

"नाव बदललं की सगळी तपासणी पहिल्यापासून. साहेबांपुढे कबूल करावं लागलं असतं. आणि चालत होतं ना!"

सकाळपासून दाबून ठेवलेला तिचा राग आता फुटला. "चालत होतं? गुरुजी, तीन तुकड्या नव्या मुलांना मी ही ओळ शिकवली. एक जण म्हणाला, मॅडम, का? मी त्याला म्हटलं, गुरुजींनी लिहिलंय, काही तरी असेल. मी त्याला गप्प बसवलं! आम्हाला वाटलं आत काही तरी फार खोल आहे, आपल्या बुद्धीपलीकडचं. आणि आत काय, तर तुमचा आळस!"

"आवाज खाली," गुरुजी पुटपुटले.

"तुम्हाला तर ऐकू येत नाही!"

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खुर्चीवर बसली आणि पाणी प्यायली. पण पाणी पिता पिताच तिच्या डोक्यात काही तरी खटकलं.

"मोटरवाल्यांच्या लायब्ररीत ते फंक्शन फक्त पडून होतं, की ते स्वतःही वापरत होते?"

"वापरत असतील. त्यांचं त्यांना."

"त्यांचं त्यांना कसं मिळेल? नाव एकच. लिंकरने पहिलं उचललं, तुमचं. त्यांनी आपल्या घरात हाक मारली तरी ओ तुमचंच देणार. त्यांना चक्रं हवीत आणि मिळतात मिलिमीटर."

गुरुजींच्या हातातला स्क्रू वर्तमानपत्रावर पडला. "ब्रेक," ते म्हणाले. "ब्रेकची झीज तेच मोजतात. प्रत्येक थांब्याला अंतराची बेरीज करत जातात."

"एका चक्राला पाच मिलिमीटर, म्हणजे आकडा पाचपट भरभर वाढणार. ब्रेक नवा असला तरी तीन महिन्यांत झिजल्याचा दिवा लागणार."

दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच माणूस आला.

मेस्त्री. कंपनीच्या लिफ्ट दुरुस्त करणारा मेस्त्री, जो वर्षानुवर्षं फडक्यात गुंडाळलेले ब्रेकचे पट्टे घेऊन वर यायचा आणि टेबलावर आपटायचा. "हे बघा. नखभर झिजलेलं नाही. तुमचं मशीन का बोंबलतंय?" गुरुजी त्याला म्हणायचे, प्रोग्राम चुकत नाही, माणसं चुकतात. कचेरीने त्याच्या नोंदवहीत अकरा वेळा शेरा मारला होता, "बसवण्यात हलगर्जी." आणि गुरुजी निवृत्त झाल्यावर, तीन वर्षांपूर्वी, बिल्डवालीने स्वतः त्याला सांगितलं होतं, "मेस्त्री, कोड बरोबर आहे. बसवताना काही तरी राहतंय तुमच्याकडून." त्यानंतर तो पट्टे घेऊन वर यायचा थांबला होता. तिला वाटलं होतं, पटलं असेल.

ती साडेतीनला कचेरीत परतली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी सगळं ऐकलं. ऐकताना त्यांनी पेनाचं टोपण अकरा वेळा उघडझाप केलं.

"म्हणजे धोका नाही. उलट ब्रेक लवकर बदलले गेले. चांगलंच की!"

"साहेब!"

"बरं, बरं. पण गुरुवार आधी. जुना लिंकर कुठून तरी मिळव, तो पर्याय टाक, तपासणी उरकू. नाव काय, आठवड्याने बदलू."

"हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी एकाने म्हटलं होतं. मी सही करणार नाही."

"तू सही करणार नाहीस?"

"इस्पितळात लिफ्टने स्ट्रेचर जातात. दिवा खरा की खोटा हे ज्या लिफ्टमध्ये कळत नाही, तिच्यावर मी सही करणार नाही. तुम्ही करा."

साहेब लाल झाले. जबाबदारी, टीमवर्क, माझ्या जागी तू असतीस तर, असं बरंच बोलले. मात्र कागद पुढे ओढून सही काही केली नाही. शेवटी त्यांनी इस्पितळाला फोन लावला आणि तिला हाताने बाहेर जायची खूण केली. काचेतून ती त्यांचं वाकलेलं डोकं पाहत राहिली. तपासणी नऊ दिवस पुढे गेली.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कसा गेला दिवस?" ती म्हणाली, "आज विचारू नकोस." मग तिचं तिलाच कानाला खटकलं आणि जेवता जेवता तिने त्याला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. त्याला अर्धंच कळलं. मेस्त्रीचं मात्र नीट कळलं. "तू त्याला सांगितलंस?" त्याने विचारलं. तिने मान हलवली, नाही.

नाव बदलायला एक दुपार लागली. सतरा ठिकाणी हाका होत्या, सतरा ठिकाणी बदलल्या, आणि लिंकर मुकाट जोडून मोकळा झाला. चाचण्यांना मात्र आठ दिवस लागले. चाचणीच्या मनोऱ्यात लिफ्ट हजार वेळा वर गेली, हजार वेळा खाली आली. झिजेचा आकडा गोगलगायीसारखा सरकत होता. बिल्डवाली त्याच्याकडे पाहायची आणि तिला मेस्त्रीचे ते न झिजलेले पट्टे आठवायचे. बरोबर आकडा बघून इतकं वाईट वाटायची तिची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी तिने गुरुजींना चिठ्ठी पाठवली होती, "मेस्त्रीला तुम्ही सांगणार की मी?" उत्तर आलं नाही. शुक्रवारी सकाळी गुरुजी स्वतःच आले, पायऱ्यांवरून हळूहळू, काकूंचा हात न धरता. काकू मागून पर्स सांभाळत येत होत्या.

मेस्त्री तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत होता. त्याने गुरुजींना पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला नाही. बिल्डवाली दाराशी उभी राहिली.

गुरुजींनी सांगितलं. नेहमीसारखं फळ्यासमोर उभं राहून नव्हे. अडखळत, दोन वेळा चुकून, एकदा पहिल्यापासून. लायब्ररी, नाव, क्रम, दिवा. "तुमचं बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले.

मेस्त्रीने विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा."

"मला वाटायचं माझा हात बिघडलाय," मेस्त्री म्हणाला. "घरी नळाचा वॉशर बदलला तरी दोनदा तपासायचो. बायको म्हणायची, काय झालंय तुम्हाला?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लिहून द्या."

गुरुजींनी खिशातून कागद काढला. लिहूनच आणलं होतं. मेस्त्रीने तो घेतला नाही. "वाचा. मोठ्याने."

गुरुजींनी वाचलं. "'ब्रेकच्या झिजेच्या खोट्या सूचनांना प्रोग्राममधील दोष काही अंशी जबाबदार होता...'"

"काही अंशी?"

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द खोडले, त्याने पेन काढलं, कागद बाकावर ठेवला आणि ते दोन शब्द खोडले. मग थोडा विचार करून "दोष" खोडून "माझी चूक" लिहिलं, "होता"चं "होती" केलं आणि सही केली.

मेस्त्रीने कागद हातात घेऊन वाचला. त्याने गुरुजींना माफ केलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याने फक्त त्यांच्याकडे बसायला स्टूल सरकवलं.

"थांबा," बिल्डवाली दारातून म्हणाली. "पेन द्या गुरुजी. माझंही एक वाक्य राहिलंय."

ती आत आली, बाकावर वाकली आणि सहीखालच्या कोऱ्या जागेत लिहू लागली. "तीन वर्षांपूर्वी मेस्त्रींनी मला विचारलं होतं, आणि मी न तपासता..." मेस्त्री तिच्या खांद्यावरून वाचत होता, एकेक शब्द, आणि तिने घाई केली नाही.