डोंगरापलीकडचा नवरदेव

किड्यांवर संशोधन करणाऱ्या सुनेनं आज पुन्हा दुधाच्या पातेल्याला खेटून किड्यांच्या नळ्या ठेवल्या होत्या. सासूबाईंनी फ्रिजचं दार धाडकन लावलं.

"घर म्हणायचं की उकिरडा!"

हे भिंतीला उद्देशून. सुनेनं परदेशातली नोकरी घेतल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती एकटी जाणार असती तर गोष्ट वेगळी. मुलगाही निघाला होता, आणि चार वर्षांची चिमीसुद्धा.

मेलेले किडे फ्रिजमध्ये, जिवंत खिडकीत. तिथल्या एका डब्यातला रातकिडा दुपारपासून किरकिरत होता. ओरडतो तो बाप्या आणि गप्प बसते ती बाई, असं चिमीनं आजीला शिकवलं होतं. सासूबाईंना ते तेव्हाच पटलं नव्हतं. तरी त्यांनी एक गप्प डबा निवडला, ओरडणाऱ्याला पेल्याखाली धरलं आणि त्या डब्यात सोडून दिलं.

संध्याकाळी सून आली, डब्याजवळ थबकली.

"आई, हा इथे कुणी टाकला?"

आता अबोला मोडणं भाग होतं.

"मी. लग्न लावून दिलं. पण तुझी ही भवानी पाठ फिरवून बसलीय. एवढी कसली मिजास?"

सुनेला हसू आवरेना. ती तिथेच खाली बसली.

"मिजास नाही हो. तिला तो कळतच नाही. हा डोंगरापलीकडचा, ती अलीकडची. दिसायला सारखे, पण हजारो वर्षं येणंजाणं नाही. दोन्हीकडची जनुकं हळूहळू वेगळी होत गेली, तसा सूरही बदलला. हा जीव तोडून हाक मारतोय, आणि तिला नुसता आवाज ऐकू येतोय."

सासूबाई चिमीच्या फ्रॉकची घडी घालत होत्या. ती विस्कटली. त्यांनी पुन्हा घातली.

"भांडण झालं होतं का त्यांचं?"

"छे. नुसते लांब राहिले."

"मग यावर काहीच इलाज नाही?"

"आहे की. दर पिढीत एखाद-दुसरा जरी डोंगर ओलांडून आला आणि इथे रमला, तरी पुष्कळदा तेवढं पुरतं. इतकी फारकत होत नाही."

आतून चिमीनं हाक मारली, "आजीऽऽ!"

एरवी सासूबाई पहिल्याच हाकेला धावत. आज त्या दुसऱ्या हाकेची वाट बघत बसून राहिल्या. ती हाक आली, तेव्हा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कोपऱ्यात आठवडाभर उघडी पडलेली प्रवासाची बॅग होती. इतके दिवस तिला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. फ्रॉक त्यांनी तिच्यात ठेवला, वरून हात फिरवला आणि सुनेकडे वळल्या.

"तू हट्टी आहेस, पसारा करतेस आणि दुधाजवळ किडे ठेवतेस. जा तू. पण दर सुट्टीला पोरीला इथे आणून सोडायचं. मी हाक मारली आणि ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली, तर गाठ माझ्याशी आहे."