घाटाआधीचं तेल

टाकीचं झाकण फिरवून आदिनाथने आत डोकावून पाहिलं, आणि तो तसाच वाकून राहिला. इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्यावर बोटभर तेल तरंगत होतं, रश्श्यावर तवंग यावा तसं.

शेजारी उभा असलेला गाडीचा मालक संदेश सकाळपासून वैतागला होता. उद्या पहाटे बायको-लेकीला घेऊन खंडाळ्याचा घाट उतरायचा, पोरीला पहिल्यांदा समुद्र दाखवायचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पाणी बघायला जावं तर हे. हायवेवरच्या गॅरेजवाल्याने लांबूनच बघून सांगितलं होतं, गॅसकेट गेलं, इंजिनातलं ऑइल पाण्यात उतरतंय, इंजिन खोलावं लागेल.

त्यात मागच्या सीटवर काठी गुडघ्यांत धरून त्याचे वडील बसलेले. भिमाजीआबा, वय ऐंशी. आबा हल्ली विसरतात, अशी संदेशची तक्रार होती, आणि ती तो त्यांच्या देखतच करत होता. मागच्या महिन्यात विहिरीवरची मोटर दिवसभर चालू राहिली. आता पुन्हा काही झालं, की दावणीला उरलेला एकुलता एक बैल, हरण्या, पाहुण्यांकडे देऊन टाकायचा. आबांना तो झेपत नाही. पाहुण्यांशी बोलणंही झालं होतं.

वराळे फाट्यावर आदिनाथचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक कपाट आणि चहाचा स्टोव्ह. तीस वर्षांत त्याने दोन नेम पाळले होते. स्वतः बघितल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही, आणि गाडीबद्दल खोटं बोलायचं नाही. या दोन नेमांपायीच आपल्या घराला वरचा मजला चढला नाही, असं त्याची बायको अनिता म्हणायची. तोही हसून मान डोलवायचा. माणूस सुखी होता हो.

त्याने ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. तेल चोख, पातळी बरोबर. गॅसकेट गेलं असतं तर ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला असता. तिथंही काही नाही. गाडी चालू केली, टाकीत एक बुडबुडा नाही. इंजिनला काही म्हणजे काही धाड भरली नव्हती. मग तेल आलं कुठून? त्याने वरचं तेल जुन्या चमच्यात घेतलं आणि स्टोव्हवर धरलं. ते आधी तडतडलं, मग शेडभर फोडणीचा वास सुटला.

करडईचं तेल. घाण्याचं.

हा वास आदिनाथने झोपेतही ओळखला असता. इंदुरी गावी त्याच्या वडिलांनी शर्यतीचे बैल पाळले होते. अवघड चढाला जुंपायच्या आधी वडील बांबूच्या नळकांड्याने बैलाला हेच तेल पाजायचे आणि आदिनाथ वेसण धरून उभा राहायचा. दोन दिवस हातांचा वास जायचा नाही. त्याने मागच्या सीटकडे पाहिलं. आबा मान फिरवून भलतीकडे बघत होते. काय समजायचं ते तो समजला.

"इंजिन ठणठणीत हाय," तो संदेशला म्हणाला. "तेल वरनं पडलंय. सगळं धुवून काढतो."

"वरनं? कुनी टाकलं?"

आदिनाथ पाना पुसायला लागला. पुसलेलाच पाना त्याने पुन्हा पुसला. खोटं बोलायला जीभ रेटेना, आणि खरं बोलावं तर हरण्या गेलाच.

मागचं दार उघडलं.

"म्या टाकलं," आबा काठी टेकत उतरले. "घाट हाय. पोरगी बसनार गाडीत. पाजल्याबिगर बैल म्या कदी घाटाला काडला न्हाई. गाडीला तेल लागतं, येवढं ठावं हुतं. तोंड चुकलं." मग ते लेकाकडे वळले, "ह्ये काय इसरून झालं न्हाई, संदेश. आता हरण्याला धाडायचं तर धाड."

संदेशचा चेहरा लाल झाला. तो टायरवर बसला. मग उठला, बादली उचलली आणि नळाकडे गेला.

दुपारभर धुणं चाललं. भांड्यांचा साबण, गरम पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. दोन पाइप तेलाने मऊ पडले होते, ते आदिनाथने बदलले. चौथ्या पाण्यालाही भज्यांच्या गाडीसारखा वास येतोय असं संदेश पुटपुटला, तेव्हा पहिल्यांदा हसले ते आबाच. मग तिघेही हसत सुटले.

उन्हं कलली तेव्हा आदिनाथने नव्या कूलंटचा, त्या हिरव्या पाण्याचा, कॅन फोडला, आणि तो आबांच्या हातात दिला.

"घाटाला काडायची हाय, आबा. तुमीच पाजा."

आबांनी काठी गाडीला टेकवून ठेवली. संदेशने नरसाळं धरलं. आबांनी दुसरा हात गाडीच्या नाकाडाखाली लावला, बैलाचा जबडा उचलून धरावा तसा, आणि हळूहळू ओतायला लागले.

"पाहुन्यांना न्हाई म्हनून फोन करतो," नरसाळ्याकडे बघतच संदेश म्हणाला.

आबांनी धार थांबवली नाही.

"नीट धर," ते म्हणाले, "सांडतंय."