अमेरिका माझ्यावर बसून बोलते

मी टकर्स होलो गावच्या सभागृहातली खुर्ची बोलतेय. लाकडी, घडीची, पाठीला दोन फळ्या. दिसायला साधी, पण माझ्यावर बसून माणसं सगळं जग चालवतात, तेव्हा मला कमी समजू नका.

माझा जन्म इथलाच, व्हरमाँट राज्यातला. नदीकाठच्या कारखान्यात मेपलच्या झाडापासून मला कापलं, तासलं, घासलं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी शाळांत गेल्या, चर्चमध्ये गेल्या. मी गावच्या सभेला आले. वर्षभर तळघरात पडून राहायचं आणि मार्चमध्ये एक दिवस वर यायचं, हा माझा संसार. त्या दिवशी बाहेर अर्धा बर्फ आणि अर्धा चिखल असतो. लोक बूट आपटत आत येतात आणि ओले कोट माझ्याच पाठीवर टाकतात. मला सर्दी होत नाही म्हणून बरं.

सभेचं मला कौतुक वाटतं. बर्फ हटवायचा ट्रक नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा, यावर सकाळ जाते. मग बायकांनी केलेल्या घेवड्याच्या उसळीवर आणि मेपलच्या पाकाच्या गोड केकवर सगळे तुटून पडतात. पोटं भरली की शेवटचा विषय, ‘इतर कामकाज’. त्यात येतं जग! ट्रकला सकाळ पुरत नाही, पण जगाचा निकाल तासाभरात. किती लढाया माझ्या डोक्यावरून गेल्या. देशांची नावं बदलली, माणसांची वाक्यं तीच.

एका वर्षी विनिफ्रेड बाईंनी असाच एक ठराव आणला होता. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त. ठराव असा, की अमेरिकेने साऱ्या जगाची राखण करणं थांबवावं आणि आपल्या राज्याच्या राखीव दलातली मुलं घरी आणावीत.

माझ्यावर बसला होता ओव्हिला गॉडेट. दुधाचा धंदा, जाडजूड माणूस, तरुणपणी फौजेत जाऊन आलेला. नातू झाल्यापासून घरातले त्याला पेपेर म्हणतात, म्हणजे आजोबा. शेजारच्या खुर्चीवर त्याची सून टेस, मांडीवर तो नातू ऑगी. टेसचा नवरा लूक त्याच राखीव दलात, लांब कुठेतरी वाळवंटात. बाळाने बापाला अजून फोनवरच पाहिलेलं.

जेवणाच्या वेळी ओव्हिला केक आणायला गेला, तेव्हा विनिफ्रेड बाईंनी टेसला हळूच विचारलं, “तू काय करणार गं?”

“मला कुठलं मत, बाई! राहते सासऱ्यांच्या घरात,” टेस म्हणाली. “लूक फोनवर म्हणतो, आम्ही इथे कशासाठी आहोत तेच कळत नाही. पण बाबांना सांगू नकोस म्हणतो.”

मग वाद सुरू झाला. विनिफ्रेड बाई उठल्या. “दुसऱ्यांच्या घरात तळ ठोकून बसलोय आणि आपल्या शाळेचं छप्पर गळतंय. रोमही असंच पसरत गेलं होतं.”

“आलं रोम!” ओव्हिला गरजला.

“तू गप्प बस, ओव्हिला. रोमच्या धड्याला तू झोपायचास.”

“झोपायचो, पण रोम पडलं त्या आवाजाने जागा झालो ना, बाई!”

सगळं सभागृह हसलं. मीही हलले. मग तो उठला आणि त्याचा आवाज बदलला. “आपल्या अंगात जोर आहे. शेजाऱ्याला कोणी बदडतंय, तर आपण दार लावून बसायचं? आपण निघून आलो तर त्या जागेवर दुसरा बसेल, आणि तो काही देवमाणूस नसेल. आपण गेलो, आपण शब्द दिला, आपणच तो पाळायचा. आज हा ठराव केला तर लूकला वाटेल, गावानेच पाठ फिरवली. ही त्याची बायको बसलीय. विचारा हिला!”

सगळ्यांनी टेसकडे पाहिलं. तिने मान खाली घालून ऑगीचं टोपडं सारखं केलं. टोपडं सारखंच होतं.

सभेचा अध्यक्ष एव्हरेट पाइक याने मत मागितलं. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आवाज आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज सारखाच. अशा वेळी आमच्याकडे उभं राहून मोजतात. “ठरावाच्या बाजूचे, उभे राहा!”

नेमका त्याच वेळी ऑगी किंचाळला. टेस चटकन उठली आणि त्याला खांद्यावर घेऊन झुलवायला लागली. एव्हरेट बोट दाखवत मोजत आला आणि तिलाही मोजून पुढे गेला.

“ए एव्हरेट, तिला मोजू नको,” ओव्हिला म्हणाला. “ती पोरासाठी उभी राहिलीय.”

एव्हरेट थांबला. “टेस, मतासाठी उभी आहेस का पोरासाठी?”

लोक हसले. टेस लाल झाली. वाटलं, आता ही बसणार. शेजारची खुर्ची तिच्या वजनाची वाट बघत होती.

“पोरासाठीच उठले होते,” ती म्हणाली. “पण आता मतासाठी उभी आहे. पेपेर, तुम्ही सगळे ‘आपण गेलो’, ‘आपण राहू’ म्हणता. गेलाय तो लूक. तिथे कशासाठी आहोत ते त्यालाच कळत नाहीये. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नाही.”

हसणं थांबलं. ओव्हिलाचे हात माझ्या कडेवर घट्ट आवळले गेले. मग त्याने हात पुढे केले. “दे इकडे त्याला. मत द्यायचंय ना? मग वाकून काय उभी राहतेस, नीट उभी राहा.”

ऑगी त्याच्या मांडीवर आला. एव्हरेटने मोजणी पुरी केली आणि म्हणाला, “विरोधातले, उभे राहा!”

ओव्हिलाचं वजन पायांवर गेलं. मी हलकी झाले, करकरले. मग तो सगळा भार पुन्हा हळूहळू माझ्यावर आला.

“ओव्हिला, ऊठ की!” मागून कोणीतरी ओरडलं.

“पोरगं झोपलंय, दिसत नाही?” तो गुरगुरला.

ठराव एका मताने मंजूर झाला. गावात अजून सांगतात, नातू झोपला म्हणून ओव्हिलाचं मत हुकलं. राजधानीत तो ठराव कोणी वाचला की नाही, खुर्चीला काय माहीत! लूक आला तो त्याच्या नेमणुकीची मुदत संपल्यावरच.

आता माझी बिजागरी सैल झालीय. तळघरात प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या येऊन बसल्यात, हलक्या आणि गुळगुळीत. मला जळणात घालायचं चाललंय म्हणे. तेवढं करू नका, बाबांनो. अजून पुष्कळ सभा व्हायच्या आहेत, आणि कोण उठता उठता बसलं हे कोणाला तरी कळायला हवं. ऑगी त्या वेळी टक्क जागा होता, आजोबाच्या कोटाचं बटण चघळत.